रस्ता रुंद, घर लांब

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला माणूस एके काळी चालत कामाला जायचा. चालण्याचा वेग ताशी ५ किलोमीटर, म्हणजे अर्ध्या तासात अडीच. महाद्वार रोड मध्याला धरून तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं, तर जेमतेम २० चौरस किलोमीटरचं गाव होतं. आता गाडीवर बसा. ताशी २५चा वेग धरला तरी त्याच अर्ध्या तासात साडेबारा किलोमीटर! त्रिज्या पाचपट झाली, पण क्षेत्रफळ पंचवीसपट, कारण ते त्रिज्येच्या वर्गानं वाढतं. पाचगाव, कळंबा, उचगावचे प्लॉट ‘जवळच आहेत की’ वाटायला लागले ते या वर्गामुळे.

हा हिशेब चालतो, कारण माणूस अंतर मोजत नाही, वेळ मोजतो. प्रवासाचं साधन कुठलंही असो, माणसं येण्याजाण्यात दिवसाला सरासरी तासभर घालवतात, असं भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये मांडलं. ही सरासरी आहे. शिरोली एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या प्रत्येकाला ती लागू पडेलच असं नाही. पण रस्ता वेगवान केला की वाचलेला वेळ सहसा हातात उरत नाही, त्याचं लांबचं घर होतं. अमेरिकेत १९५० ते १९९० या काळातल्या शहरांचा अभ्यास करून नेथनियल बॉम-स्नो यांनी दाखवलं, की मूळ शहरातून गेलेल्या प्रत्येक नव्या महामार्गामुळे तिथली लोकसंख्या सुमारे १८ टक्क्यांनी घटली. तिथे मोटारी होत्या, इथे दुचाकी; रोख तोच.

कोल्हापुरात भर पडली ती हद्दीची. १९७२ मध्ये महापालिका झाली, त्यानंतर हद्दवाढीचं भिजत घोंगडं दशकानुदशकं तसंच राहिलं. २०१७ मध्ये भोवतालच्या ४२ गावांसाठी वेगळं प्राधिकरण आलं. म्हणजे प्लॉट पाडायची परवानगी प्राधिकरणाकडे आणि केएमटी, म्हणजे शहराची बससेवा, महापालिकेकडे. बस चालायची तर थांब्यापासून चार-पाचशे मीटरच्या आत पुरेशी माणसं राहायला हवीत. विरळ ले-आउटमध्ये ती नसतात, म्हणून फेऱ्या कमी. फेऱ्या कमी म्हणून घरटी दोन गाड्या. आणि मग बस आणखी रिकामी.

ब्राझीलमधल्या कुरितिबानं १९७४ मध्ये बससाठी स्वतंत्र मार्गिका आखल्या आणि उंच इमारतींना त्यांच्याच कडेनं मुभा दिली. आपल्याकडे प्लॉट पाडायच्या परवानगीच्या फायलीत रस्त्याची रुंदी बघतात. त्या रस्त्यावर बस भरेल का, हेही त्याच टेबलावर विचारायला काय हरकत आहे?