नव्या दोजोत जुना पट्टा : बेल्टच्या शिष्टाचाराची पार्श्वभूमी

कराटे, ज्युदो किंवा ब्राझिलियन जिउ-जित्सू यांपैकी एखाद्या विद्येत काही वर्षे घालवलेला माणूस नोकरीमुळे किंवा शिक्षणासाठी गाव बदलतो आणि नव्या ठिकाणी शिकायला जातो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. जुन्या गुरूंनी दिलेला पट्टा बांधायचा, की पांढरा पट्टा बांधून पुन्हा रांगेच्या टोकाला उभे राहायचे? बहुतेक दोजोंमध्ये, म्हणजे या विद्या शिकवणाऱ्या सरावशाळांमध्ये, रूढ असलेली रीत अशी आहे की, शाळा वेगळ्या शैलीची असेल तर पांढरा पट्टा घेऊन जावे, त्याच शैलीची असेल तर आधी विचारावे आणि दोन्ही वेळा अंतिम शब्द तिथल्या शिक्षकांचा मानावा. ही रीत अनेकांना बोचते. घामाने मिळवलेली गोष्ट दारातच उतरवून ठेवायची, हा त्यांना अपमान वाटतो. मात्र पट्ट्यांचा इतिहास नीट पाहिला तर लक्षात येते की, पट्टा हे सुरुवातीपासूनच कोणा एका गुरूने किंवा संस्थेने आपल्या वहीत केलेल्या नोंदीचे चिन्ह होते. दुसऱ्या घराच्या वहीत ती नोंद आपोआप उमटावी, अशी अपेक्षा मूळ व्यवस्थेत कुठेही नव्हती.

पट्टे येण्याआधी जपानमधील तलवारबाजी आणि जुजुत्सू (पकडी व फेकींची झुंजविद्या) यांच्या जुन्या शाळांमध्ये, म्हणजे ज्यांना तिथे ‘र्यू’ म्हणतात त्यांमध्ये, प्रगतीची खूण अंगावर मिरवली जात नसे. शिष्याची तयारी पाहून गुरू त्याला टप्प्याटप्प्याने हस्तलिखित दाखले देत. किरिगामी, मोकुरोकु, मेन्क्यो आणि शेवटी संपूर्ण विद्या सोपवल्याचा मेन्क्यो काइदेन, अशी त्यांची नावे होती, जरी प्रत्येक शाळेतील पायऱ्या सारख्या नसत. ही गुंडाळी घरात जपून ठेवायची वस्तू होती. शाळेत प्रवेश घेताना शिष्य शपथपत्र लिहून देत असे आणि कित्येक शाळांमध्ये त्यावर बोटाच्या रक्ताचा ठसा उमटवला जाई. शिकलेले बाहेर उघड करणार नाही, परवानगीवाचून कोणाला शिकवणार नाही, अशी ती वचने असत. अशा जगात एका शाळेचा दाखला दुसऱ्या शाळेत दाखवण्याला काही अर्थच नव्हता, कारण दोन्ही शाळांची विद्या, तिची रहस्ये आणि निष्ठा वेगळ्या होत्या.

परक्या शाळेत पाऊल टाकणाऱ्या अनुभवी माणसाकडे त्या काळी संशयाने पाहिले जाई, आणि त्याला कारण होते. देशभर फिरून ठिकठिकाणच्या खेळाडूंशी सामना करण्याची प्रथा जपानमध्ये जुनी होती, आणि एखाद्या दोजोत शिरून तिथल्या गुरूला आव्हान देणे व त्याची प्रतिष्ठा धुळीला मिळवणे, याला तर ‘दोजो-याबुरी’ असे स्वतंत्र नावच होते. एदो काळात, म्हणजे १७व्या ते १९व्या शतकात, बऱ्याच शाळांनी इतर शाळांशी सामने खेळण्यास आपल्या शिष्यांना मनाई केली होती. त्यामुळे शिकण्याच्या हेतूने येणाऱ्याने परिचयपत्र आणावे, दारात हेतू सांगावा आणि आपणहून खालची जागा घ्यावी, हे शिष्टाचाराइतकेच सुरक्षिततेचेही नियम होते. आजच्या घडीला नव्या क्लासमध्ये जाण्यापूर्वी शिक्षकांना फोन करून आपण कुठे, काय आणि किती शिकलो हे सांगण्याची जी पद्धत आहे, तिचे मूळ मला या परिचयपत्रात दिसते.

दाखल्यांच्या व्यवस्थेत दोषही होते. प्रत्येक पायरीला गुरूंना दक्षिणा आणि भेटवस्तू द्याव्या लागत, त्यामुळे पायऱ्या जितक्या जास्त तितका खर्च जास्त. एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, १९व्या शतकात नावारूपाला आलेल्या होकुशिन इत्तो-र्यू शाळेचे संस्थापक चिबा शुसाकु यांनी आपल्या परंपरेतील आठ पायऱ्या तीनवर आणल्या, आणि त्यांच्या शाळेकडे शिष्यांचा ओघ लागण्यामागे हेही एक कारण मानले जाते. पायऱ्या वाढल्या की पैसा वाढतो, ही तक्रार रंगीत पट्ट्यांपेक्षा कितीतरी जुनी आहे.

या सगळ्याला आजचे रूप दिले ते ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे स्वतःचे शिक्षण फार बोलके आहे. १८६० मध्ये जन्मलेले कानो १८७७ मध्ये तेन्जिन शिन्यो-र्यू या जुजुत्सू शाळेचे शिक्षक हाचिनोसुके फुकुदा यांच्याकडे शिकू लागले. दोन वर्षांनी फुकुदा वारले, तेव्हा ते त्याच शाळेचे मासातोमो इसो यांच्याकडे गेले. इसोही १८८१ मध्ये वारले. मग कानोंनी त्सुनेतोशी इइकुबो यांच्याकडे कितो-र्यू या वेगळ्याच शाळेची विद्या घ्यायला सुरुवात केली. इसो यांच्याकडे ते इतरांना शिकवण्याइतके तयार झाले होते, तरी नव्या गुरूंपुढे ते शिष्य म्हणूनच उभे राहिले. पट्ट्यांची व्यवस्था ज्याने घडवली, तो माणूस स्वतः वेगवेगळ्या गुरूंच्या दारात नवखा होऊन गेला होता, ही गोष्ट मला कोणत्याही नियमावलीपेक्षा मोलाची वाटते.

१८८२ मध्ये तोक्योतील एइशोजी मंदिरात १२ तातामी चटयांच्या जागेत कानोंनी कोदोकान ही आपली ज्युदोची शाळा सुरू केली. पुढच्याच वर्षी त्यांनी शिरो साइगो आणि त्सुनेजिरो तोमिता या दोन शिष्यांना पहिला ‘दान’, म्हणजे वरच्या श्रेणीची पहिली पायरी, दिला. दानची कल्पना गो या पटावरील खेळातून आलेली होती. त्या खेळात होनिन्बो दोसाकु यांच्या काळापासून, म्हणजे १७व्या शतकापासून, खेळाडूंची दानवार प्रतवारी होत असे. मोजक्या आणि फार अंतराने येणाऱ्या दाखल्यांऐवजी जवळजवळ असलेल्या पायऱ्या ठेवल्या तर तरुण विद्यार्थ्यांचा उत्साह टिकतो, हे शिक्षक असलेल्या कानोंनी ओळखले होते. १८८६ च्या सुमारास दानधारकांनी काळा पट्टा बांधण्याची पद्धत कोदोकानमध्ये सुरू झाली, आणि अंगावरच्या किमोनोच्या जागी आज आपण पाहतो तसा जाड पांढरा गणवेश १९०७ च्या सुमारास आला. पांढरा पट्टा न धुता वर्षानुवर्षे वापरून मळून काळा झाला, अशी एक कथा मुलांना आवडीने सांगितली जाते. ती गोड आहे, पण इतिहासात तिला आधार नाही.

कोदोकानच्या व्यवस्थेत महत्त्वाची होती ती नोंदवही. प्रवेश घेणाऱ्याचे नाव तिथे नोंदवले जाई, दान मध्यवर्ती संस्था देत असे, आणि म्हणूनच कोदोकानचा दान असलेला माणूस जपानमधील कोणत्याही ज्युदो दोजोत आपला पट्टा बांधून उभा राहू शकत असे. नोंद करणारे घर एकच असल्याने पट्टा सगळीकडे चालला. ज्युदोमध्ये आजही शहर किंवा देश बदलणाऱ्याला तुलनेने कमी अडचण येते, याचे कारण या एकछत्री सुरुवातीत आहे.

कराटेची गोष्ट वेगळी झाली. ओकिनावा बेटावर ही विद्या मोजक्या शिष्यांना घराच्या अंगणात शिकवली जाई, तिथे दान नव्हते आणि पट्टेही नव्हते. गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये तोक्योत कराटेचे प्रात्यक्षिक केले, कानोंच्या निमंत्रणावरून ते कोदोकानमध्येही करून दाखवले आणि पुढे राजधानीतच राहून शिकवायला सुरुवात केली. मुख्य भूमीवर मान्यता मिळवायची तर ज्युदोसारखी शिस्त हवी, हे लक्षात घेऊन त्यांनी ज्युदोच्या धर्तीवरील गणवेश आणि दान स्वीकारले, व एप्रिल १९२४ मध्ये आपल्या काही शिष्यांना कराटेचे पहिले काळे पट्टे दिले. त्या शिष्यांत हिरोनोरी ओत्सुका होते. ते लहानपणापासून जुजुत्सू शिकलेले आणि शिन्दो योशिन-र्यू परंपरेत मुरलेले होते, तरी फुनाकोशींकडे त्यांनी कराटेचा पहिला दान इतरांबरोबरच घेतला. पुढे त्यांनी वादो-र्यू ही स्वतःची शैली उभी केली. याच काळातील आणखी एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. १९३० मध्ये ऐकिदोचे प्रवर्तक मोरिहेइ उएशिबा यांची विद्या पाहून कानो इतके प्रभावित झाले की, त्यांनी मिनोरु मोचिझुकी या आपल्या होतकरू शिष्याला उएशिबांकडे शिकायला पाठवले. ज्युदोतील दान घेऊन तिथे मान मागायला नव्हे, तर काहीतरी नवे शिकून यायला.

दान वाटण्याविषयी ओकिनावातील सर्वच गुरू उत्सुक नव्हते. गोजू-र्यू या कराटे शैलीचे चोजुन मियागी यांना जपानच्या दाई निप्पोन बुतोकु काई या संस्थेने ‘क्योशी’ ही पदवी दिली होती, पण त्यांनी स्वतः आपल्या शिष्यांना दान दिले नाहीत. १९५३ मध्ये त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी आपापले दोजो आणि आपापल्या पायऱ्या उभ्या केल्या. क्योटोत १८९५ मध्ये स्थापन झालेली आणि युद्धकलांना एका छताखाली आणणारी ती बुतोकु काई दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, विसर्जित झाली होती. त्यामुळे युद्धोत्तर काळात कराटेला कोदोकानसारखी सर्वमान्य नोंदवही उरली नाही. शैली फुटत गेल्या, शैलींतून संघटना फुटत गेल्या. मासुतात्सु ओयामा यांच्या १९९४ मधील निधनानंतर त्यांच्या क्योकुशिन या कराटे शैलीचेही अनेक तुकडे झाले. एकाच नावाचा, एकाच रंगाचा पट्टा दोन संघटनांमध्ये वेगवेगळ्या अभ्यासक्रमाचा निदर्शक ठरू लागला. नव्या दोजोत आधी विचारून घ्यावे, हा नियम कराटेत इतका कडक का, याचे उत्तर या फाटाफुटीत आहे.

रंगांची भर युरोपात पडली. १९१८ मध्ये गुंजी कोइझुमी यांनी लंडनमध्ये स्थापन केलेल्या बुदोक्वाई या क्लबमध्ये दोन महायुद्धांच्या मधल्या काळात रंगीत पट्टे दिसू लागले, आणि १९३५ मध्ये फ्रान्सला गेलेल्या मिकोनोसुके कावाइशी यांनी पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा असा क्रम तिथे रुजवला. विद्यार्थ्यांना प्रगती दिसायला हवी, हा त्यामागचा विचार योग्यच होता. तथापि रंगांचा क्रम जगभर एकसारखा कधीच झाला नाही. एका संघटनेत हिरवा निळ्याच्या आधी येतो, दुसरीकडे नंतर. म्हणून काळ्याच्या खालचे रंग नव्या ठिकाणी सर्वांत कमी टिकतात आणि त्याबद्दल वाद घालण्यात वेळ घालवू नये.

याच्या उलट वाट कोरियाच्या तायक्वांदोने धरली. सोल येथे १९७२ मध्ये उभारलेल्या कुक्कीवॉन या केंद्राकडून दानची क्रमांकित प्रमाणपत्रे दिली जातात, त्यामुळे तो कागद हाती असलेल्या खेळाडूची खातरजमा दुसऱ्या देशातही होऊ शकते. लहान मुलांसाठी तिथे दानऐवजी ‘पूम’ आहे आणि त्याचा पट्टा लाल-काळा असतो.

ब्राझिलियन जिउ-जित्सूत पट्टा आजही सर्वांत व्यक्तिगत आहे. कोदोकानचे मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले, त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले आणि ग्रेसी कुटुंबाने विद्येला स्वतःचे वळण दिले. तिथे बराच काळ पांढरा आणि निळा एवढेच पट्टे होते. १९६७ मध्ये तेव्हाच्या ग्वानाबारा राज्यात महासंघ स्थापन झाल्यानंतर रंगीत क्रम रुळला. आज प्रौढांसाठी पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी आणि काळा अशा पाचच मुख्य पायऱ्या आहेत. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमाप्रमाणे निळ्या पट्ट्यासाठी किमान वय १६ वर्षे, काळ्यासाठी १९ वर्षे आणि निळ्यावरून जांभळ्यावर जाण्यापूर्वी किमान २ वर्षे लागतात. पट्टा गुरूच्या हातून मिळतो आणि ‘तू कोणाचा शिष्य’ हा प्रश्न तिथे आजही विचारला जातो. एक अकादमी सोडून दुसरीत जाणाऱ्याला कार्लसन ग्रेसी यांच्या काळात दगाबाजच समजले जाई. आता ती कटुता बरीच ओसरली असली, तरी जुन्या गुरूंना न सांगता जाणे आणि मिळालेल्यापेक्षा वरचा पट्टा बांधणे, या दोन्ही गोष्टी तिथे अक्षम्य मानल्या जातात. ज्युदोचा काळा पट्टाधारकही तिथे सामान्यतः पांढऱ्यापासून सुरुवात करतो. फेकी त्याला येत असतात, जमिनीवरचे डाव मात्र नव्याने शिकायचे असतात.

रांगेत उभे राहण्याचा प्रश्नही इतिहासानेच गुंतागुंतीचा केला आहे. जपानी दोजोत दानचा क्रम वेगळा आणि ‘सेम्पाई-कोहाई’ हे नाते वेगळे. सेम्पाई म्हणजे त्या दोजोत आपल्या आधी आलेला. बाहेरून आलेल्या दुसऱ्या दानच्या माणसासाठी तिथला तपकिरी पट्ट्याचा जुना विद्यार्थी घरच्या रीतीभातींपुरता वडीलच ठरतो. म्हणून पाहुण्याने स्वतः आपली जागा ठरवू नये, शिक्षक सांगतील तिथे उभे राहावे, न विचारता कोणाला सुधारू नये आणि ‘आमच्याकडे हे असे करतात’ हे वाक्य तर सुरुवातीच्या काळात तोंडातून काढूच नये.

आपल्याकडे हा प्रश्न बहुधा मुलांच्या बाबतीत येतो. नाशिकहून पुण्याला बदली झाली, नवा क्लास सोसायटीच्या हॉलमध्ये सापडला, पण तिथले सर वेगळ्या संघटनेचे निघाले, की ब्राऊन बेल्टवर पोहोचलेल्या मुलाला यलो बेल्टच्या रांगेत बसवल्याचे आईवडिलांना दुःख होते. अशा वेळी जुन्या सरांचे पत्र आणि ग्रेडिंगची प्रमाणपत्रे घेऊन आधी भेटावे, मुलासमोर पट्ट्यावरून घासाघीस करू नये आणि नव्या सरांना मुलाचे काता (ठरावीक हालचालींचा क्रम) व कुमिते (जोडीदाराशी लढत) पाहायला काही आठवडे द्यावेत. कित्येक शिक्षक त्यानंतर आपणहून जुनी श्रेणी मान्य करतात किंवा मधली परीक्षा घेतात. नव्या ग्रेडिंगसाठी पुन्हा शुल्क मागितले गेले तर ते कशासाठी, हे स्पष्टपणे विचारण्यात संकोच नसावा, कारण चिबा शुसाकुंच्या काळापासून हा प्रश्न रास्तच आहे.

आणि शिक्षकांनी ‘तुमचा जुनाच पट्टा बांधा’ असे सांगितले, तर तो बांधावा. नम्रतेच्या हट्टाने पांढराच धरून बसणे हेही यजमानाचे न ऐकणे आहे, शिवाय त्यात जोडीदाराचा धोका आहे. पांढरा पट्टा पाहून समोरचा नवखा खेळाडू बेसावध राहतो, त्याला अनपेक्षित फेक किंवा सांध्यावरचा डाव बसतो आणि दुखापत होते. म्हणून पट्टा कोणत्याही रंगाचा असो, सरावाला हात मिळवण्यापूर्वी आपण काय शिकलो आहोत हे जोडीदाराला साध्या शब्दांत सांगावे.