फ्लाय कास्टिंगमधलं 'दहा ते दोन' कुठून आलं

फ्लाय कास्टिंग, म्हणजे पिसांचं हलकं आमिष (फ्लाय) लावलेली दोरी फेकून मासे धरायचं तंत्र, शिकायला उभं राहिलं की पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य हमखास कानावर येतं: रॉड, म्हणजे गळाची काठी, दहा आणि दोनच्या मध्येच हलला पाहिजे. आपल्या बाजूला एक भलंमोठं घड्याळ आहे असं समजायचं आणि रॉड म्हणजे त्याचा काटा. पुढे दहावर थांबायचं, मागे दोनवर. कोपर अंगाला चिकटलेलं. इंग्लंडमध्ये एके काळी कोपर आणि बरगड्या यांच्यामध्ये पुस्तक धरायला लावत. पुस्तक पडलं की फेक चुकली. आज बरेच शिक्षक या घड्याळावर नाक मुरडतात. पण नियम काही वेडेपणातून आला नव्हता. तो ज्या रॉडसाठी आला, तो रॉड मागे पडला आणि नियम तेवढा राहिला.

मुळात इथे फेकायची असते ती दोरी. साध्या गळाला शिसं लावतात, ते वजन पुढे जातं आणि दोरी त्याच्यामागून ओढली जाते. फ्लाय म्हणजे किड्यासारखी दिसावीत म्हणून आकड्यावर बांधलेली पिसं आणि धागे. तिला वजनच नाही. कापसाचा बोळा जोरात फेकून बघा, दोन हातांवर पडेल. म्हणून वजन दोरीत असतं आणि ती आसुडासारखी हवेत उलगडत जाऊन फ्लायला पोचवते. मागे टाकलेली दोरी पूर्ण उलगडायच्या आत हात पुढे आणला, तर आसुडासारखाच फटकाही वाजतो आणि फ्लाय तुटून जाते.

ही फेक मात्र फ्लायइतकी जुनी नाही. इ.स. 200 च्या आसपास एलियन या रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या मासेमारीचं वर्णन केलं आहे: आकड्याला लाल लोकर, त्यावर कोंबड्याची पिसं, सहा फुटांची काठी आणि तेवढीच दोरी. सहा फूट दोरी फेकायला तंत्र कशाला लागतं? सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्येही दोरी घोड्याच्या केसांची, पीळ घालून केलेली असे आणि ती पंधरा-अठरा फुटी काठीच्या टोकालाच बांधलेली असे. रिळाचे उल्लेख त्या काळात सापडतात, पण ट्राउट मासे धरणाऱ्या बहुतेकांचं त्यावाचून काही अडत नसे. वारा पाठीशी घ्यायचा आणि दोरी झुलवून पाण्यावर सोडायची, की झालं.

खरी उलथापालथ एकोणिसाव्या शतकातली. घोड्याच्या केसांची जागा तेल पाजलेल्या रेशमी दोरीनं घेतली. ती जड होती, रिळावरून सुटत होती, लांब जात होती. तिचे लाडही भरपूर: तरंगावी म्हणून ग्रीस चोळायचं आणि संध्याकाळी उलगडून वाळत घालायची, नाहीतर कुजायची. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या सॅम्युएल फिलिपनं 1840 च्या दशकात बांबूच्या पट्ट्या चिकटवून रॉड केले. पुढे मेन राज्यातल्या हायरम लेनर्डनं सहा पट्ट्यांचा रॉड सर्वत्र पोचवला. त्या काळच्या कामात बांबू वापरला जायचा तो 'कलकत्ता केन', म्हणजे आपल्याच उपखंडातला. चीनचा टॉनकिन बांबू नंतर आला.

त्याच शतकात कोरडी फ्लाय आली. फ्लाय पाण्यावर तरंगायची असेल तर भिजल्यावर ती वाळवायला हवी. जॉर्ज पुलमन यानं 1841 मध्ये याबद्दल लिहिलं आणि 1880 च्या दशकात फ्रेडरिक हॅलफर्डनं इंग्लंडमधल्या टेस्ट नदीकाठच्या मंडळींमध्ये त्याचं शास्त्रच केलं. वाळवायची कशी? पाण्याला न टेकवता पुढे-मागे फेकत राहायची. म्हणजे एकाच मापाची हालचाल, पुन्हा पुन्हा. माशाचं अंतर थोडं, रॉड मऊ आणि संथ, पाठीमागे उंच गवत. अशा ठिकाणी मनगटाची आखूड, उभी फेकच कामाची. घड्याळ इथे चपखल बसतं.

स्कॉटलंडच्या स्पे नदीवर मात्र पाठीमागे झाडं आणि चढ. तिथे मागे फेकायची सोयच नाही, म्हणून दोरी पाण्यावरच टेकवून पुढे उलगडायची स्पे कास्ट आली. त्या नदीवर कुणाला दहा आणि दोनचं पडलेलं नव्हतं.

घड्याळाला पहिला धक्का बसला तो मासेच नसलेल्या पाण्यात. अमेरिकेत कास्टिंगच्या स्पर्धा जोरात होत्या. 1893 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनातही एक झाली. अंतर मोजायचं म्हटल्यावर ऐट बाजूला पडते आणि हात आपोआप मागे जातो. 1930 च्या दशकात ऑरेगनच्या मार्विन हेजनं 'डबल हॉल' गाजवला: रॉड मागे नेताना आणि पुढे आणताना, दोन्ही वेळा दुसऱ्या हातानं दोरीला झटका द्यायचा. दोरीचा वेग वाढतो आणि अंतरही.

न्यू जर्सीतल्या पॅटरसनची जोन सॅल्व्हाटो याच वातावरणात वाढली. वडील तिथल्या कास्टिंग क्लबात. दहा वर्षांची असताना ती त्यांचा रॉड घेऊन तळ्यावर गेली आणि पहिल्याच प्रयत्नांत टोकाचा अर्धा भाग निसटून पाण्यात पडला. शेजाऱ्यानं दाताळं घालून तो काढून दिला. 1943 ते 1960 या काळात तिनं सतरा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली आणि 1951 मध्ये बाकी सगळे पुरुष असलेली लांब अंतराची स्पर्धा जिंकली. जोन वुल्फ या नावानं जग तिला ओळखतं.

दरम्यान साहित्य पार बदललं. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासचे रॉड आणि प्लास्टिकचा थर दिलेल्या दोऱ्या आल्या. 1960 च्या सुमारास दोऱ्यांना जाडीऐवजी वजनावरून क्रमांक मिळाले: पहिल्या 30 फुटांचं वजन 140 ग्रेन, म्हणजे साधारण 9 ग्रॅम, तर दोरी पाच नंबरची. 1970 च्या दशकात कार्बनचे हलके, ताठ रॉड दुकानात आले. शिकवणी मात्र पुस्तक काखेत धरूनच चालू होती.

मेरीलँडच्या लेफ्टी क्रे यांना 1947 मध्ये मासेमारीवर लिहिणारे जो ब्रूक्स यांनी हीच घड्याळाची पद्धत शिकवली. पोटोमॅक नदीवर बास मासे धरताना क्रेंच्या लक्षात आलं की हात आणखी मागे नेला तर कष्ट कमी पडतात. 1965 मध्ये त्यांनी एका मासिकात घड्याळाविरुद्ध लिहिलं आणि जुनी मंडळी चिडली. क्रेंचं म्हणणं साधं होतं: रॉड जितका लांब प्रवास करेल तितकी ताकद कमी लागते आणि टोक ज्या दिशेला वेग घेऊन थांबेल त्या दिशेला दोरी जाते. फ्लोरिडाच्या खाऱ्या पाण्यात, वाऱ्यात, मोठ्या फ्लाय फेकणाऱ्यांना हे लगेच पटलं.

शिकवण्याची भाषा घडली ती त्यानंतर. वुल्फ यांनी 1987 च्या पुस्तकात फेकीच्या एकेका टप्प्याला नाव दिलं. 1990 मध्ये बिल आणि जे गॅमेल या बापलेकांनी पाच गोष्टी मांडल्या: दोरीत ढिलाई नको, रॉडचं टोक सरळ रेषेत जावं, जोर योग्य वेळी योग्य तेवढाच लागावा, आणि दोरी जितकी लांब तितका हाताचा फेर मोठा नि दोन फेकींमधला थांबाही मोठा. शेवटच्या दोन मुद्द्यांतच 'दहा ते दोन' निकालात निघतं, कारण दहा फूट दोरीला पुरणारा फेर साठ फुटांना पुरत नाही. 1992 पासून फेडरेशन ऑफ फ्लाय फिशर्स ही अमेरिकी संघटना शिक्षकांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देऊ लागली.

आता नवख्याला मैदानात गवतावर उभं करतात, आकड्याऐवजी लोकरीचा गोंडा बांधतात आणि एक पाय मागे घ्यायला लावतात, म्हणजे मान वळवून मागची दोरी बघता येते. काखेत पुस्तक धरून उभा असलेला माणूस नेमकं हेच करू शकत नव्हता.