बेस टू फायनलचं वळण आणि १९४९ चा निर्णय

विमान उतरवताना बेसवरून (रनवेला काटकोनातला टप्पा) फायनलला (रनवेच्या रेषेतला शेवटचा टप्पा) वळताना होणारे स्टॉल-स्पिन, म्हणजे पंखांची उचल तुटून विमान गरगरत खाली येणं, अजूनही जीव घेतात आणि त्यावरची चर्चा फिरून फिरून १९४९ वरच येते. त्याआधीचं थोडक्यात सांगायचं तर, स्पिनमधून विमान बाहेर कसं काढायचं ते पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट समजलं आणि पुढे अमेरिकेत खासगी पायलट लायसन्सलाही स्पिन करून दाखवणं सक्तीचं होतं.

१९४९ ला तिथल्या सरकारी खात्याने ही सक्ती काढली, फक्त इन्स्ट्रक्टर होणाऱ्यांना ठेवली. एकतर शिकवताशिकवताच माणसं मरत होती, आणि परीक्षेत स्पिन नसला की कंपन्या सहजासहजी स्पिनमध्ये न जाणारी विमानं बनवतील असाही हिशोब होता. जुने लोक म्हणतात तिथेच घात झाला, पोरं रडर (पायाने चालवायचं, नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीवरचं सुकाणू) विसरली. मला हे अर्धंच पटतं. सेसना १७२ च्या मॅन्युअलप्रमाणे एका फेऱ्याचा स्पिन रिकव्हरीसकट साधारण १००० फूट खातो, आणि या वळणावर हातात असतात जेमतेम ५००, मग स्पिन कितीही घोटून घ्या, तिथे काय उपयोग? नंतर अशा अपघातांचं प्रमाणही घटलं, अर्थात विमानंही बदलली होती त्यामुळे श्रेय कुणाचं हे भांडण काही मिटत नाही.

माझा राग '३० डिग्रीच्या वर बँक नको', म्हणजे वळताना विमान त्याहून जास्त कलवू नका, या घोकून घेतलेल्या वाक्यावर आहे. नियम अगदीच उगाच नाही, उंची राखून वळलं तर स्टॉल स्पीड (ज्या वेगाखाली पंख स्टॉल होतो तो) ३० डिग्रीला ७ टक्के वाढतो आणि ४५ ला १९ टक्के. पण होतं काय, बेसवर मागून वारा असतो, रनवेची सेंटरलाइन निसटते, वळण डावीकडचं असेल तर स्टुडंट बँक वाढवायला घाबरतो आणि हळूच डावा रडर दाबतो. नाक वळतं, पण बाहेरचा पंख जोरात फिरल्यामुळे बँक आपोआप वाढते, ती रोखायला कंट्रोल उजवीकडे, नाक खाली जातं म्हणून कंट्रोल मागे, बॉल (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारी पॅनेलवरची गोळी) तोवर उजव्या कोपऱ्यात गेलेला पण बघतंय कोण, डोळे सगळे रनवेवर! मग आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान त्याच बाजूला उलटतं.

अलीकडे मात्र बरंच काही झालं. २०१४ ला अमेरिकेने छोट्या विमानांत अँगल ऑफ अटॅक इंडिकेटर (पंख स्टॉलच्या किती जवळ आहे ते दाखवणारं यंत्र) बसवायची परवानगी सोपी केली. २०१६ ला तिथल्या परीक्षेतला स्लो फ्लाइट (अगदी कमी वेगाने उडणं) स्टॉल वॉर्निंग वाजू न देता करायचा ठरला, त्यावर इन्स्ट्रक्टर लोकांनी बरीच आदळआपट केली, आणि आपली बरीच मुलं तिकडूनच लायसन्स काढून येतात म्हणून हे आपल्यालाही लागू. नौदलाचे पायलट जहाजावर उतरताना डाउनविंडवरून (उतरण्याच्या दिशेच्या उलट, समांतर जाणारा टप्पा) एकच सलग वळण घेतात, ते साध्या शाळांतही शिकवावं का यावरही वाद चालू आहे. तोवर चांगले इन्स्ट्रक्टर एवढं करतात की वळण चुकलं तर गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर जाऊन नव्याने फेरी), हे बेसवर जायच्या आधीच स्टुडंटच्या तोंडून मोठ्याने वदवून घेतात.