इंग्रजीचे ठोके, मराठीची समान चाल? मोजून बघा

दादर-अंधेरीकडच्या इंग्लिश स्पीकिंग क्लासांत टेबलावर टकटक करत सांगतात: इंग्रजीत दोन आघातांमधला (जोर दिलेल्या जागांमधला) वेळ सारखा, मराठी-हिंदीत प्रत्येक सिलॅबलचा, म्हणजे एका स्वराभोवती एका झटक्यात बोलल्या जाणाऱ्या तुकड्याचा, सारखा. ही विभागणी भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक यांनी 1945 मध्ये मांडली, ध्वनिशास्त्रज्ञ डेव्हिड अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी 1967 मध्ये ती जगातल्या सगळ्याच भाषांना लावली. 1980 च्या दशकात रेकॉर्डिंग मोजली गेली, तेव्हा तो समान वेळ काही सापडेना. इंग्रजीतही आघातांमध्ये सिलॅबल वाढले की अंतर वाढतंच.

मग कानाला फरक का जाणवतो? इंग्रजी बिनआघाती स्वर गिळते म्हणून. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या सिलॅबलवर. 'फोटोग्राफर'मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो आणि 'फो'चा जवळपास 'फ' होतो. शिवाय 'स्ट्रेंग्थ्स'सारखी व्यंजनांची गर्दी एकाच सिलॅबलमध्ये कोंबलेली. मराठी स्वर इतके झिजत नाहीत, बस.

मराठीतही सिलॅबलचा वेळ सारखा नसतो, याची खात्री करायचीय? 'पुढील स्टेशन दादर' मोबाइलवर रेकॉर्ड करा, ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि प्रत्येक सिलॅबलच्या सुरुवातीला खूण करा. इथे हमखास चूक होते ती लिहिलेली अक्षरं मोजण्याची. कागदावर नऊ, तोंडात सहाच: पु-ढील-स्टे-शन-दा-दर. 'पु' आखूड, 'ढील' चांगलाच लांब निघेल. शेवटचा 'दर' तुलनेत धरू नका. वाक्य संपताना तो ताणला जातो, आणि हे बहुतेक भाषांत होतं.

क्लासवाल्यांनी टकटकीपेक्षा इंग्रजी 'बनाना'तले पहिला-शेवटचा स्वर आखूड करून घ्यावेत. उच्चार तिथेच अडतो.