युद्धाचा पट आधी वर्गातच मांडला गेला

टेबलावर इंचभर उंचीचे शिपाई मांडायचे आणि मुलांकडून नेपोलियनच्या पराभवाची वॉटर्लूची लढाई पुन्हा लढवून घ्यायची, हे छंदिष्टांनी वर्गात आणलेले खूळ आहे, असे अनेकांना वाटते. खरा प्रवास उलटा आहे. आधी वर्ग आणि लष्कर, छंद नंतर.

१७८० साली जर्मनीतल्या ब्राउन्श्वाइगमध्ये गणित शिकवणाऱ्या योहान हेल्विगने बुद्धिबळाचाच पट ताणला. ६४ घरांची १,६१७ घरे झाली. डोंगर तांबडे, पाणी निळे. हत्ती-उंटांच्या जागी पायदळ, घोडदळ, तोफा. दरबारातल्या खानदानी पोरांना युद्धशास्त्राची गोडी लागावी, हा हेतू. पण सैन्य काही घरे मोजत चालत नाही, ही अडचण उरलीच.

ती सोडवली प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यातल्या राइसविट्झ बापलेकांनी. वडिलांनी १८१२ मध्ये राजासाठी प्लास्टरच्या भूभागाचे देखणे टेबल बनवले. तोफखान्यात लेफ्टनंट असलेल्या मुलाने १८२४ मध्ये ते बाजूला सारून १:८००० प्रमाणाचा नकाशा अंथरला. एक चाल म्हणजे प्रत्यक्षातली दोन मिनिटे. गोळीबाराचा परिणाम फाशांवर. मधे बसायचा पंच. खेळाडूने हुकूम पंचाकडे द्यायचा, आणि शत्रूच्या ज्या तुकड्या खरोखर नजरेच्या टप्प्यात आल्या असत्या, तेवढ्याच पंचाने नकाशावर ठेवायच्या. प्रात्यक्षिक पाहताना सेनापती म्युफ्लिंग आधी थंडच होता. मग ‘हा खेळ नव्हेच, ही तर युद्धाची शाळा’ असे उद्गारला, असे सांगतात. बिचाऱ्या धाकट्या राइसविट्झने १८२७ मध्ये आत्महत्या केली. १८७०-७१ मध्ये प्रशियाने फ्रान्सला लोळवल्यावर मात्र इतर देशांच्या लष्करांना या खेळात एकाएकी रस वाटू लागला.

शिपायांच्या बाहुल्या घराघरांत खेळाच्या पटावर आणल्या इंग्रजांनी. १९१३ मध्ये कादंबरीकार एच. जी. वेल्सने त्यासाठी सुटसुटीत नियम छापले. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे मांडून ठेवायचे असतात. वेल्सचे शिपाई स्प्रिंगच्या तोफेने पाडायचे होते. वर्षभरातच पहिल्या महायुद्धाच्या खऱ्या तोफा सुरू झाल्या. पुढे १९६२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात रणगाडा दलात असलेल्या डोनल्ड फेदरस्टोनच्या पुस्तकाने या छंदाला घराघरांत वाचक मिळवून दिले. पेशाने हा गृहस्थ फिजिओथेरपिस्ट!

या टप्प्यावर एक गोष्ट हातची गेली, असे मला वाटते. रंगवलेल्या पलटणी पाहून मुले हरखतात, गणवेशही ओळखू लागतात. पण सगळे सैन्य टेबलावर उघडे दिसत असेल, तर टेकडीपलीकडे काय आहे हे ठाऊक नसलेल्या सेनापतीची घालमेल त्यांना कशी कळणार? पंचाची खुर्ची रिकामी ठेवून हा धडा होत नाही.

ब्रिटनमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत पॅडी ग्रिफिथसारखे इतिहासाचे अध्यापक ती खुर्ची जपून होते. तिथेच १९७४ मध्ये १९४० सालच्या इंग्लंडवरील नियोजित जर्मन स्वारीचा डाव मांडला गेला, आणि पंचांमध्ये चक्क त्या युद्धातला जर्मन वैमानिक आडॉल्फ गालांड होता. डावात जर्मन फौजा किनाऱ्यावर उतरल्या, थोड्या आतही घुसल्या. मग ब्रिटिश आरमार इंग्लिश खाडीत आले, रसद तुटली, आणि उतरलेल्या फौजांची कोंडी झाली. स्वारी फसली, असा पंचांचा निकाल एकमताने लागला.