सुपारीचं पांढरं तोंड आणि तंबाखूचा पांढरा डाग

"तंबाखू नाही हो, नुसती सुपारी खातो" हे आईबाप इतकं निवांत सांगतात ना, तिथेच घोळ होतो. तोंडात दोन्हीचं पांढरंच दिसतं, म्हणून लोक एकच समजतात नाहीतर सुपारीचं किरकोळ समजतात.

तंबाखूचं ओळखायला सोपंय. पोरगं चिमूट जिथे धरून ठेवतं, ओठाच्या आत किंवा गालात, तेवढीच जागा पांढरट, जाड, सुरकुतल्यासारखी होते आणि तिथली हिरडी सरकून दाताचं मूळ उघडं पडतं. दुखतबिखत नाही, त्यामुळे पत्ता लागत नाही. लवकर सोडली तर हा डाग बऱ्याचदा काही आठवड्यांत जातोही, राहिला तर तुकडा काढून तपासावा लागतो, कॅन्सरची भीती असते.

सुपारीने एका जागी डाग पडत नाही, हळूहळू तोंडच फिकट पडत जातं. आधी नुसती जळजळ, तिखट लागलं की पोरगं रडकुंडीला येतं आणि घरचे म्हणतात तोंड आलंय, गोळ्या द्या. (साधं तोंड येणं आठ-पंधरा दिवसांत भरून येतं, ही जळजळ जातच नाही.) आत काय चालतं तर सुपारीतलं अरेकोलीन नावाचं रसायन कोलॅजन, म्हणजे कातडीला आधार देणारे धागे, बनवणाऱ्या पेशींना कामाला जुंपतं, तिच्यातल्या तांब्यामुळे ते धागे एकमेकांत घट्ट बांधले जातात आणि टॅनिन या तुरट द्रव्यामुळे जुने धागे मोडायचं काम मंदावतं, म्हणजे बनतंय जास्त नि मोडतंय कमी. मग गालात हाताला दोरीसारखे पट्टे लागतात, शिट्टी वाजत नाही, गाल फुगत नाहीत, जीभ पुरती बाहेर येत नाही, तोंड आवळून कमी कमी उघडतं. याला म्हणतात सबम्युकस फायब्रोसिस.

घरी बघायचं तर पोराला त्याचीच तीन बोटं उभी, एकावर एक, पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. जात नसतील तर डेंटिस्ट गाठा, आणि काय खातो ते खरं सांगा, लपवाछपवीत महिने जातात.

सुपारी सोडली की जळजळ कमी होते, आवळणं थांबूही शकतं, पण आवळलेलं तोंड आपोआप सैल होत नाही. व्यायाम, इंजेक्शनं, शेवटी ऑपरेशन, आणि कॅन्सरचा धोका राहतोच. डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने २००४ सालीच तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत, तंबाखूच्याच गटात, टाकलीय.