मानेतली सिंपथेटिक साखळी : दिशा कशी उलगडली

मानेतल्या सिंपथेटिक मज्जातंतूंबाबत (बाहुली, रक्तवाहिन्या, घाम अशी आपोआप चालणारी कामे सांभाळणारे तंतू) जुनी चूक झाली ती दिशेची. १६६४ मध्ये इंग्रज वैद्य टॉमस विलिस यांनीही हा तंतू मेंदूच्या पाचव्या-सहाव्या मज्जातंतूंपासून निघून खाली छातीकडे उतरतो, असेच मांडले. फ्रेंच वैद्य पूरफूर द्यू पेती यांनी १७२७ मध्ये ते खोडून काढले. कुत्र्याच्या मानेत तंतू कापला की त्याच बाजूची बाहुली बारीक होई आणि तिसरी पापणी (डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पडदा) पुढे सरके. तंतू डोक्याकडून खाली येत असता, तर मानेतल्या छेदाने डोळ्याला काहीच व्हायला नको होते. संदेश खालून वर जातो, हे सिद्ध करायला एवढा एक छेद पुरला!

हे संदेश मज्जारज्जूतून बाहेर पडतात ते छातीच्या वरच्या भागात, डोळ्यासाठीचे मुख्यतः छातीच्या पहिल्या मणक्याच्या पातळीवर. तिथून फुफ्फुसाच्या शेंड्याजवळून ते मानेत चढतात. डोक्याला रक्त नेणाऱ्या कॅरॉटिड धमनीच्या आवरणामागे, मणक्यांपुढच्या स्नायूंवर ही साखळी असते. तिच्यात मज्जापेशींचे पुंजके, म्हणजे गँग्लिऑन असतात. वरचे गँग्लिऑन सर्वांत मोठे, सुमारे ३ सेंमी. डोळ्याचे तंतू इथेच पुढच्या पेशीला जोडले जातात. मधले लहान, कधी सापडतही नाही. खालचे बहुतेकांत छातीच्या पहिल्या गँग्लिऑनशी जुळलेले असते, तेच स्टेलेट गँग्लिऑन.

फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५१ मध्ये सशाची साखळी कापली. कान थंड पडेल अशी त्यांची अपेक्षा होती. तो उलट गरम झाला, कारण रक्तवाहिन्या सैल पडल्या. विजेने वरचे टोक उत्तेजित केल्यावर त्या पुन्हा आकसल्या. पुढे १८६९ मध्ये स्विस नेत्रतज्ज्ञ योहान हॉर्नर यांनी एका रुग्णात बारीक बाहुली, उतरलेली पापणी आणि त्या बाजूचा गरम चेहरा ही लक्षणे एकत्र नोंदवली; त्यांच्याच नावाने हा लक्षणसमूह हॉर्नर सिंड्रोम म्हणून ओळखला जातो.

हॉर्नर सिंड्रोममध्ये वरची पापणी जेमतेम १-२ मिमी उतरते, म्हणून ती नजरेतून सुटते. बाहुल्यांतला फरक अंधारात वाढतो, कारण बाधित बाहुली हळू आणि कमी फाकते. फक्त उजेडात तपासले तर निदान हुकू शकते. घामाकडेही पाहावे: चेहऱ्याच्या घामाचे बहुतेक तंतू वरच्या गँग्लिऑनपासून वेगळे होऊन बाह्य कॅरॉटिड या शाखेबरोबर जातात, त्यामुळे वरच्या गँग्लिऑनपलीकडे बिघाड असेल तर घाम जवळपास शाबूत राहतो. लक्षण डोळ्यात असले, तरी शोध छातीपर्यंत न्यावा लागतो. फुफ्फुसाच्या शेंड्यावरची गाठ असेच पहिले दर्शन देऊ शकते. मान किंवा डोके दुखून अचानक हॉर्नर झाला, तर कॅरॉटिडची भिंत फाटल्याचा संशय धरून त्याच दिवशी रक्तवाहिन्यांचे स्कॅनिंग करावे.